पंचेचाळीस मिनिटांची खोली

त्या जुन्या, नावाजलेल्या हॉटेलातल्या साठ खोल्या मोठ्या बाईंच्या ताब्यात होत्या. बाई दिसायला एवढ्याशा. पलंगाच्या काठावर बसल्या तर पाय जमिनीला टेकत नसत. पण त्या जिना चढू लागल्या की धूळ आपणहून उठून खिडकीबाहेर जाते, असं धुलाईखात्यातले लोक म्हणायचे. चौतीस वर्षांपूर्वी फरशी पुसायला लागलेली ही बाई आता बारा जणींची मुख्य होती. त्या बारा जणी बाईंना टरकून असायच्या आणि त्यांच्यावर जीवही टाकायच्या.

बाईंची पद्धत ठरलेली. एक खोली, दोघी जणी, पंचेचाळीस मिनिटं. चादरीवर एक सुरकुती राहिली की अख्खी चादर पुन्हा घालायची. नळ पुसून इतका कोरडा करायचा की त्यात आपलं तोंड दिसावं. सगळं झालं की एकीने चपला काढून, पलंगावर धुतलेला पंचा अंथरून पाहुण्यासारखं आडवं व्हायचं. छताच्या कोपऱ्यातलं जाळं, दिव्याच्या काचेत मरून पडलेला किडा, हे उभ्या माणसाला कुठलं दिसायला? "पाहुणा काय खोलीत उभं राहायला येतो?" बाई विचारायच्या. मग ती उठायची आणि चादर पुन्हा ताणून बसवली जायची.

एवढं कौतुक करून घ्यायला पाहुणे मात्र उरले नव्हते. पूर्वी लोक पेट्या घेऊन महिना महिना राहायचे, जाताना बाईंना लेकीच्या लग्नाला बोलवायचे. आता येणारा पाठीवर पिशवी घेऊन एका रात्रीपुरता यायचा आणि आल्या आल्या फोन कुठे चार्ज करायचा ते विचारायचा. कंपन्यांचे साहेब तर येईनासेच झाले, त्यांच्या बैठका घरबसल्या होऊ लागल्या. मालकांच्या तिन्ही नातवंडांना या धंद्यात रस नव्हता, आणि इमारतीपेक्षा तिच्या खालची जमीन महाग झाली होती. चाळीस खोल्या रिकाम्या असायच्या, तरी बाई त्याही रोज उघडून हवा खेळती ठेवायच्या. शेवटी एका सोमवारी मालकांनी सगळ्यांना जेवणघरात बोलावलं आणि महिनाअखेर कुलूप लागणार असं सांगून टाकलं.

बाई रडत बसल्या नाहीत. त्याच संध्याकाळी रस्ता ओलांडून समोरच्या नव्या हॉटेलात गेल्या. स्वतःसाठी नव्हे, साठी उलटलेल्या बाईला कोण विचारतो!

"बारा जणी आहेत," त्यांनी तिथल्या मॅनेजरबाईंना सांगितलं. "सगळ्या कामाला वाघ."

"आमच्याकडे एकटीने वीस मिनिटांत खोली करायची," मॅनेजरबाई म्हणाल्या. त्या वयाने बाईंच्या निम्म्या असतील. "जमलं तर सगळ्यांना घेते."

मग तीन आठवडे बाईंनी आपणच लावलेल्या सवयी आपल्याच हाताने मोडायला घेतल्या. रिकाम्या खोल्यांत तालीम, दाराशी बाई घड्याळ धरून उभ्या. "नळ राहू दे! उशी एकदाच झटक! चल, पुढे!"

"बाई, सुरकुती राहिली."

"असू दे," असं म्हणताना बाई दुसरीकडे बघायच्या.

सगळ्यांत मागे पडायची ती त्यांची भावजय. धाकटा भाऊ गेल्यावर दोन मुलींना घेऊन उघड्यावर पडलेल्या तिला बाईंनीच कामाला लावलं होतं. तिच्या हाताला जी सफाई होती ती दुसऱ्या कुणाच्या नव्हती, आणि म्हणूनच वेळेच्या नावाने बोंब होती.

परीक्षेच्या दिवशी समोरच्या हॉटेलात अकरा जणी कशाबशा वेळेत बसल्या. शेवटी भावजय आत गेली. बाई बाहेर मॅनेजरबाईंजवळ उभ्या होत्या, जीव मुठीत धरून. आणि काय आश्चर्य, तिने सतरा मिनिटांतच खोली उरकली! आता हाताशी तीन मिनिटं होती. सवयच ती, तिने चपला काढल्या, पंचा अंथरला आणि ती आडवी झाली.

तेवढ्यात मॅनेजरबाईंनी दार उघडलं.

"हे काय? पाहुण्याच्या पलंगावर झोपतेस? कुणी शिकवलं तुला हे?"

भावजय ताडकन उठली. मान खाली घातली, पण बाईंचं नाव काही घेईना.

"मी शिकवलं," बाई पुढे झाल्या. आडवं का व्हायचं ते सगळं त्यांच्या जिभेवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "चूक माझी आहे. असले लाड करत बसलो म्हणून तर आमच्या हॉटेलाला कुलूप लागतंय. ही सवय आठ दिवसांत सुटेल तिची, माझा शब्द."

मॅनेजरबाईंनी घड्याळ पाहिलं, खोलीवरून एकदा नजर फिरवली. "ठीक आहे. एक तारखेपासून बाराही जणी या."

जन्मभर जे जपलं ते सगळ्यांसमोर आपल्याच तोंडाने चूक ठरवायला छाती लागते. बाईंच्या पाठोपाठ बाहेर पडणाऱ्या बायकांपैकी एकीलाही त्यांच्याकडे बघायचा धीर होत नव्हता.

फाटकाशी भावजयीने त्यांना गाठलं. "वन्सं, तुम्हाला खरंच तसं वाटतं? आपण इतकी वर्षं चुकीचं केलं?"

"अर्धं खरं होतं गं. म्हणून तर बोलता आलं मला."

"आणि उरलेलं अर्धं?"

"ते बोलले असते तर तू आज घरी बसली असतीस."

भावजयीने त्यांचा हात धरला, आणि गाड्या थांबायची वाट बघत दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या.