चिमट्यावरची रेघ

रेघ मला पॉलिश पेपर मारताना दिसली. सायकलचं पुढचं चाक ज्यात बसतं त्या चिमट्याच्या मानेशी, केसाएवढी बारीक, नखभर लांब. मुलुंडच्या घराच्या गॅलरीत मी वर्तमानपत्रं पसरून बसले होते. हिरवा रंग निघून खालचं पोलाद उघडं पडलं होतं. रेघेवरून नख फिरवलं. ते किंचित अडकलं.

ही माउंटन बाइक मामाने जहाजावर नोकरीला असताना जपानहून आणलेली. मी तेव्हा नववीत, दादा कॉलेजात. दादाने ती चार-पाच वर्षं दामटली, मग नोकरी, लग्न. सायकल गच्चीवर टाकीमागे, ताडपत्रीखाली पडून राहिली. पन्नाशी जवळ आली, मुलगी शिकायला बाहेर गेली, तेव्हा मी ती खाली आणली.

"भंगारात दे गं," दादा म्हणाला. "हे तुझं काम नाही."

त्या वाक्यापायी मी आठ महिने घातले. गंजलेले छर्रे काढून नवे बसवले, चेन रॉकेलमध्ये भिजवली, ब्रेकची रबरं शोधत अर्धी मुंबई फिरले. आणि आता ही रेघ.

भांडुपच्या एका वेल्डिंगवाल्या काकांना चिमटा दाखवला. त्यांनी तो उन्हात धरून बराच वेळ पाहिला. "वरवरची असेल तर काय नाय होणार. आत गेली असेल तर मला पण दिसणार नाय. ताई, बदलून टाका."

तसा चिमटा कुठे मिळेना. मी घरी आले आणि रेघेवर रंगाचे दोन हात दिले. वाळल्यावर बोट फिरवलं. गुळगुळीत. काही नव्हतंच असं वाटलं.

कॉलनीमागच्या डोंगरात सायकलवाल्या मंडळींनी फावडं-घमेलं घेऊन वाट केली आहे. कलती वळणं, मातीचे उंचवटे आणि शेवटी कमरेएवढा कडा, ज्यावरून सायकल हवेत जाते. हे सगळं पुढेमागे शॉकअप असलेल्या नव्या सायकलींसाठी. माझी जुनी सायकल प्रत्येक दगड थेट मनगटात आणून द्यायची. तरी महिनाभर मी दर रविवारी गेले. कड्यापाशी उतरायचे, हातात धरून खाली न्यायचे. आयुष्यात इतकी खूश क्वचितच झाले असेन.

मग आवाज सुरू झाला. पुढचा ब्रेक दाबला की टक. फक्त एकदा. मी नटबोल्ट आवळले. पुढच्या रविवारी पुन्हा टक. ब्रेकची तार असेल, मी स्वतःला सांगितलं. रात्री झोप लागताना तो आवाज कानात यायचा.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी दादा आपली नवी सायकल घेऊन सोबत आला. वारा फिरला होता, कांजूरच्या कचराडेपोचा आंबूस वास डोंगरापर्यंत आला होता. वर माकडं एकसारखी खाकरत होती, बिबट्या दिसल्यावर खाकरतात तशी. आम्ही थांबलो. काही दिसलं नाही. दादाने माझ्या सायकलकडे पाहिलं, हँडलवरून हात फिरवला.

"झकास केलीस यार," तो म्हणाला. "मानलं तुला. दे ना, एक राउंड मारतो."

आठ महिने मला हेच ऐकायचं होतं. माझ्या तोंडातून निघालं ते एवढंच, "हळू जा. कड्यावरून नको नेऊस."

"का गं?"

"जुनी आहे ना."

"मीच जुनी केलीय तिला," तो हसला आणि निघाला.

मी त्याच्या मागून त्याची सायकल घेऊन उतरत होते. पुढच्या वळणाआड तो दिसेनासा झाला. कड्याचं ठिकाण आलं असणार असं वाटलं तेवढ्यात आवाज झाला, सुकी फांदी मोडावी तसा. त्यानंतर काहीच नाही. त्याचं ओरडणंसुद्धा नाही.

तो पालथा पडला होता. हनुवटी फाटून रक्त मातीत जात होतं, डावा हात अंगाखाली. पुढचं चाक वेगळं होऊन बाभळीला टेकलं होतं. मागून दोन सायकलवाले आले, त्यांच्या मदतीने त्याला रस्त्यापर्यंत आणलं आणि रिक्षात घातलं.

जबडा मोडला होता आणि खांद्याचं हाड. महिनाभर तारेने दात बांधलेले, बोलणं बंद. मी रोज दुपारी पेज घेऊन जायचे, तो नळीने ओढायचा. वहिनी म्हणायची, "तुमच्यावर किती लोड पडला हो." मी पेजेचा डबा धुवायला घ्यायचे.

तिसऱ्या आठवड्यात वहिनी औषधं आणायला गेली होती. दादाने उशीखालून मोडक्या चिमट्याचा तुकडा काढला. त्या सायकलवाल्यांपैकी एकाने आणून दिला होता. मोडलेली कड त्याने माझ्यापुढे धरली. अर्धी लखलखीत, ताजी. अर्धी काळी, गंजलेली. मग त्याने मोबाइलवर टाइप केलं : काळी बाजू जुनी आहे. तुला माहीत होतं?

"हो," मी म्हणाले.

त्याने तुकडा पुन्हा उशीखाली सरकवला. मग लिहिलं : वहिनीला सांगू नकोस. आणि भिंतीकडे तोंड केलं.

आता त्या गोष्टीला तीन वर्षं झाली. दादाचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही, पण तो बरा आहे, पुन्हा डोंगरात जातो. माझ्याशी नीट बोलतो, भाऊबीजेला येतो. परवा त्याला माझ्या गाडीतून घाटकोपरला सोडायचं होतं. दार उघडून तो क्षणभर बाहेरच उभा राहिला.

"ब्रेक बघून घेतलेस ना?" त्याने अगदी सहज विचारलं.

"घेतले," मी म्हणाले. तो बसला. पट्टा लावला, आणि तो नीट अडकलाय का हे दोनदा ओढून पाहिलं.