काळ्यात थोडी राख

वहिनी गेल्याची बातमी फोनवर आली आणि मी ती चक्क खोटी समजले. सौंसरच्या घरी शाळेत शिकवून येऊन नुकत्याच चपला काढत होते. नातेवाइकांच्या ग्रुपवर तिचा फोटो पडला होता, खाली जोडलेले हात आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. फोटोत गाल गुळगुळीत, साडीचा हिरवा डोळ्यांत खुपणारा, मागचं आभाळ नको तितकं निळं. कुण्या पुतण्यानं चुकून टाकलं असणार, म्हणून त्याला झापायच्या तयारीतच होते मी. कारण आमच्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो असा नसतोच. आमच्या ओळखीपाळखीत हार चढलेला जवळजवळ प्रत्येक फोटो वहिनीच्या हातून गेलेला, आणि तिच्या हातचा फोटो लांबूनही ओळखू यायचा. मग पांढुर्ण्याहून दादाच्या शेजाऱ्यांचा फोन आला... दुपारी जेवून ती जरा आडवी झाली, ती उठलीच नाही.

दादाचा, म्हणजे माझ्या सख्ख्या भावाचा, पांढुर्ण्यात फोटो स्टुडिओ होता. मी आठवीत असताना वहिनी लग्न होऊन आली आणि वर्षभरात तिनं डार्करूम ताब्यात घेतली. दादा लग्नं-बारशी टिपत हिंडायचा. रोल धुणं, निगेटिव्हवरचे डाग बारीक पेन्सिलीनं झाकणं, हे सगळं वहिनीचं. पुढे फिल्म बंद पडली, तिच्यामागे स्टुडिओ बंद पडला आणि दादानं संत्र्याच्या बागेत मन घातलं. वहिनीनं मात्र फोन हातात घेतला. लोकांकडे आता फोटो ढीगभर, पण भिंतीवर लावावा असा एक नाही. घरात कुणी गेलं की ते वहिनीकडे फोटो पाठवायचे आणि म्हणायचे, जुन्यासारखा करून द्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याशेजारी बसून पाहायची. आधी फोटोची धार कमी करायची, मग उन्हाचा चटका उतरवून पांढऱ्याला सायीच्या रंगावर आणायचं. हिरवा दाबायचा, फोन बनवणाऱ्यांनी आयुष्यात बाग पाहिलेली नाही, असं तिचं ठाम मत होतं. मग सावल्या जराशा उजळायच्या. "काळ्याले काळं ठेवाचं नाही मंदा," ती म्हणायची, "त्यात थोडी राख टाकाची." आणि सगळ्यांत शेवटी दाणा, फिल्मच्या फोटोत असतो तो बारीक रवाळपणा. तिची एक रीत होती. फोनवरच्या रंग-उजेड कमीजास्त करायच्या पट्ट्या सरकवण्याआधी त्या माणसाचा फिल्मवर काढलेला जुना फोटो शेजारी ठेवायचा आणि त्याच्याशी जुळेस्तोवर थांबायचं नाही. फोन तर चेहऱ्यावरच्या रेषाच पुसून टाकतो, त्या परत कुठून आणणार, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "दाणा टाकला का पाहणाऱ्याचा डोळा आपल्या मनानं शोधते त्याइले. त्यानं फक्त त्या माणसाले जितेपणी नीट पाह्यलेलं पाह्यजे."

एकदा रामाकोन्याच्या एका गुरुजींचा निवृत्तीचा सत्कार होता. मुलानं बॅनरसाठी फोटो पाठवला. वहिनीनं तो इतका मन लावून केला, की बॅनर घरी येताच रडारड सुरू झाली. सगळ्यांच्या डोळ्यांना एकच सवय झालेली, या रंगातला माणूस म्हणजे गेलेला माणूस. गुरुजींच्या बायकोनं बॅनर पालथा घातला आणि दुसऱ्या दिवशी जामसांवलीला जाऊन मारुतीपुढे नारळ फोडला. गुरुजी आजही ठणठणीत आहेत, पण बाजारात वहिनी दिसली की रस्ता बदलायचे. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो होतो. त्यानंतर मात्र जिवंत माणसाचा फोटो तिच्याकडे कुणी आणला नाही. तिला ते लागलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

जायच्या पंधरा दिवस आधी तिनं मला स्वतःचाच फोटो पाठवला. काढलेला मीच, माझ्याच अंगणात. तिनं त्याच्यावर हात फिरवला होता. खाली विचारलं होतं, कसा झाला? फार सुंदर झाला होता, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी त्या बाईला पाहत नव्हते, आठवत होते. वहिनी तिकडे पांढुर्ण्यात भाजी निवडत बसली असेल, हे माहीत असूनही. गुरुजींच्या बायकोला हसणारी मी... लिहिलं, "वहिनी, हा पुसून टाक. साधाच छान आहे." तिनं "बरं" लिहिलं. पुसून टाकलाही, दोघींच्या फोनमधून. ग्रुपवर आला तो उरलेला, साधा.

तेरवीला तोच फ्रेम करून ठेवला, तर दादा हार घालेना. हा तिचा फोटो नाही, एवढंच म्हणाला. जेवायला आलेल्यांना सांगत होता, "आत हाय, येते." दुःखानं बोलतोय, असं आम्हाला वाटलं. पण तेरवी उलटली तरी तेच. त्यांना मूलबाळ नाही, घरात हा एकटा. मी भेटायला गेले, की आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणायचा, "काय करून राह्यली वं? मंदा आली." आणि उत्तर ऐकल्यासारखी मान हलवायचा. एका दुपारी त्यानं असंच विचारलं आणि माझ्याही नकळत मी थांबले, ती काय म्हणते ते ऐकायला. आत भांडं वाजलं. मांजर असेल. मी उठून पाहिलं नाही. परतीच्या बसमध्ये मला रडू आलं. भीतीनं नाही, स्वतःच्या रागानं. तो जो फोटो मागत होता, तो मीच पुसायला लावला होता.

पुढच्या रविवारी मी खिडकीपाशी बसले. लग्नानंतर दादानं फिल्मवर काढलेला तिचा जुना फोटो शेजारी ठेवला आणि तो गुळगुळीत फोटो फोनवर उघडला. धार उतरवली. पांढरा सायीवर आणला. साडीचा हिरवा दाबला. काळ्यात राख मिसळली. चार-पाच वेळा सगळं मोडून पुन्हा केलं. चेहरा तिच्याजवळ येत होता, पण तिचा होत नव्हता. मग दाणा टाकला... आणि डाव्या भुवईवर खूण दिसली. डार्करूमच्या फळीचा कोपरा लागला होता, त्याची. जुन्या फोटोत ती नाही, तो अपघाताच्या आधीचा. नव्या फोटोत फोननं ती पुसलेली. मी दाणा काढला, भुवई स्वच्छ. पुन्हा टाकला, खूण हजर. असं तीन वेळा केलं. चौथ्यांदा करायचा धीर झाला नाही. आहे तसा जपून ठेवला.

फ्रेम घेऊन मी पांढुर्ण्याला गेले. दादानं ती दोन्ही हातांत धरली, उजेडाकडे तिरपी केली, भुवईवरून अंगठा फिरवला. ही खूण दिसते का, हे मला विचारायचं होतं. विचारावं लागलं नाही. आतल्या खोलीकडे त्यानं पाहिलं नाही. मग खाली बसला आणि म्हणाला, "आता गेली वं ते." तेव्हा तो रडला, दीड महिन्यात पहिल्यांदा. हार त्यानं स्वतःच्या हातानं घातला. मी निघाले तेव्हा दारापर्यंत सोडायला आला, आणि दुधाचं सांगावं तसं म्हणाला, "मंदे, माझाही करून ठेव. तुझा हात बसला हाय."

मी नाही म्हणू शकले नाही. एकदा वहिनीला तसं म्हणून झालं होतं. तिथंच ओट्यावर त्याचा फोटो काढला आणि घरी येऊन केला. चांगला झाला आहे. तो माझ्या फोनमध्ये आहे आणि मी तो कुणाला दाखवलेला नाही. आता रोज सकाळी उठल्यावर मी आधी दादाला फोन लावते. तो "हां, बोल" म्हणाला, की मगच फोनमधले फोटो उघडते.