चोवीसचा कार्बोरेटर आणि कॅनची रिंग

जालिंदर तात्यांनी बावीस वर्षांत कुणाच्या दारात उभं राहून "दूध आणा" अशी हाक मारली नाही. गाडीला हॉर्न होता पण तो कधी वाजलाच नाही, आणि त्याची गरजपण नव्हती. त्यांची बुलेट घाटाच्या खालच्या वळणावर आली की वरच्या वस्त्यांवरच्या बाया धार काढायला बसायच्या. गाडी वर पोचेपर्यंत चरवी घेऊन रस्त्याला उभ्या! घड्याळ बघायचं कामच नाही. तात्यांची गाडी हेच घड्याळ.

तात्या आमचे शेजारी. धारूरात आमची भिंत आणि त्यांची भिंत एकच. दूध संघाच्या संकलन केंद्रावर ते कामाला होते, म्हणजे रोज डोंगरावर जायचं, गाडीच्या दोन्ही बाजूला एकेक कॅन, दूध मोजून घ्यायचं, केंद्रावर आणून ओतायचं. बुलेट साखर कारखान्याच्या लिलावातली, जुनी, उजव्या पायाच्या गेरची. तात्या तिला गाडी म्हणत नव्हते, "ही" म्हणायचे. भामाबाई काकू चिडायच्या, "हितं दोन बायका नांदतेत, येक मी आन् येक ती काळी!"

काकू २०१३ ला गेल्या. पोरगा चाकणला कंपनीत. रविवारी फोन करतो, "जेवलात का" विचारतो, तात्या "जेवलो" म्हणतात, झालं.

शेवटची वस्ती बायडाबाईची. धनगराची वस्ती, चार घरं, वर पवनचक्क्या. सुरुवातीला तिथं तात्यांना चहा मिळायचा पण कप वेगळा, कुडाच्या वळचणीला अडकवलेला. आम्ही बौद्ध, कारण सांगायला नको. दोन वर्षं तात्या त्या कपात प्याले. मग एक दिवस कॅनचं झाकण उघडून म्हणाले, "आक्का, ह्यात तुमचं दूध, आमच्या भावकीचं दूध, समद्यांचं येकच झालंय. आता तुमचं तेवढं येगळं काढून दावा." दुसऱ्या दिवशी वळचणीचा कप दिसला नाही. घरातल्या कपात चहा आला. तिथून पुढं वीस वर्षं दोघं फक्त एकाच गोष्टीवर भांडले. फॅटवर, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशावर, भाव त्यावरच ठरायचा.

"साडेतीन लागली फॅट."

"साडेतीन? म्हशीचं दूध हाय बे, का हिरीचं?"

"ते मी कावून सांगू, म्हशीला इचारा."

रोज! रोज हेच, आणि रोज दोघं हसायचे.

मग ते दुष्काळाचं साल आलं. जनावरं छावणीत गेली, जी राहिली ती विकली. दोन कॅनचा एक झाला, एकाचा अर्धा. मार्च २०१६ ला केंद्राला कुलूप लागलं. आणि तात्यांनी आयुष्यात एकच चूक केली असेल तर ती ही, की ते वर सांगायला गेले नाहीत. "कोनत्या तोंडानं सांगू? बावीस वर्सं दूध नेलं आन् आता नका काढू म्हनू?" गाडी ताडपत्रीखाली घातली आणि घरात बसले. त्यांना महिन्यानं बाजारात कळलं की बायडाबाई चार दिवस चरवी घेऊन रस्त्याला उभ्या होत्या. चार दिवस! मला हे पहिल्यांदा ऐकताना इतकं रडू आलं होतं की मी उठून गेले.

तीन वर्षं ताडपत्री निघाली नाही. तात्या भिंतीपलीकडं एकटे स्वयंपाक करायचे, ताटलीचा आवाज यायचा, एकाच ताटलीचा.

या उन्हाळ्यात वडवणीच्या बाजारात त्यांना सत्यभामा भेटली, बायडाबाईची सून. ती म्हणाली, "आत्याला दिसत न्हाई आता. आवाजावर समदं. गाडी वाजली की इचारती, जालिंदर हाय का. या की येकदा."

तात्या घरी आले आणि ताडपत्री काढली.

"गाडीवरच जानार. आन् हाक मारनार न्हाई," मला म्हणाले. "आवाजावर वळखून रस्त्याला आली तर म्होरं बोलीन. न्हाई आली तर समजंन, माझं नाव पुसलं."

मी म्हणलं तात्या, फोन लावू सत्यभामाकाकूला? माझ्याकडं असं बघितलं की मी फोन परत ठेवून दिला!

गाडी चालू होईना. उंदरांनी एअर फिल्टर खाल्लेला, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल वाळून गुळाच्या काकवीसारखं झालेलं. टेम्पोत टाकून परळीला सुंदररावांकडं नेली. मी सोबत. सुंदररावांचं गॅरेज वीज केंद्राच्या राखेच्या रस्त्यावर, ते पुण्याच्या पोरांना जुन्या बुलेटा नव्यासारख्या करून देतात. दिसायला जुनी, पळायला नवी. गाडी बघून त्यांचे डोळे चमकले.

"जालिंदरभाऊ, ह्यो चोवीस एमेमचा कार्बोरेटर फेका. अठ्ठावीसचा टाकू. तोंड मोठं, हवा जास्त, पेट्रोल जास्त. त्याला इंजिनाशी जोडायची नळी, मापाचं नवं मॅनिफोल्ड हाय माझ्याकडं, आतून घासून आरशावानी केलेलं. अशी पळंल, पोरं फोटो काढतेल!"

लावलापण त्यांनी. थ्रॉटल पिळला तर गाडी अशी गरजली की शेजारच्या टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. मला लई भारी वाटलं, खरं सांगते.

तात्या म्हणाले, "दुसऱ्या गेरात मानसाच्या चालीनं चालती का?"

चालवून बघितली. नाही चालली. हळू केली की ठसकायची, घशात घास अडकल्यासारखी, झटके द्यायची. सुंदररावांनीच समजावलं, तोंड मोठं असलं की हळू चालताना हवेला ओढ राहत नाही, मग पेट्रोल नीट उडत नाही. जोरात हाणली तरच ती खुश.

"पर मानसाच्या चालीनं कावून चालवायची बुलेट? मग पायीच जावा की!"

"हिंदकळून दूध सांडतंय."

"दूध कुठंय आता, भाऊ?"

सुंदररावांनी फडकं घेऊन उगाच हात पुसले आणि अठ्ठावीसचा काढायला लागले. चोवीसचा जुनाच धुतला, जेट नवे टाकले, सुई नवी. जुनं मॅनिफोल्ड उघडलं आणि मोठ्यानं हसले. मॅनिफोल्ड आणि इंजिनाच्या मधे पॅकिंग असतं ना, त्या जागी काळ्या रबराचा तुकडा.

"ह्यो काय शोध लावला बे? ही तर दुधाच्या कॅनच्या झाकनाची रिंग!"

"भागत व्हतं त्याच्यावर. दोन म्हैन्याला नवी कापायची, केंद्रावर जुन्या रिंगा लई पडायच्या."

"पेट्रोलनं फुगतंय हे रबर. फटीतनं हवा ओढत आसंल गाडी सारा जलम!" असं म्हणून भंगारात फेकली ती रिंग आणि कंपनीचं पॅकिंग टाकलं. गाडी चालू केली. धक धक धक धक, एकसारखी, शिवणयंत्रासारखी. सुंदरराव म्हणाले, "आता झाली निरोगी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही वर गेलो. तात्यांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. खालच्या वळणावर मुद्दाम थांबले, जरा वेळ गाडी नुसतीच चालू ठेवली. मग मानसाच्या चालीनं वर.

रस्त्याला कुणी नव्हतं.

वस्तीसमोर गाडी उभी, इंजिन चालू. कुडाच्या आतून आवाज आला, "कोन हाय? पवनचक्कीवाला हाय का? रस्ता वरून हाय तुमचा, आमच्या दारातून न्हाई!"

बायडाबाईच होत्या. मी तात्यांच्या खांद्याला हात लावला, म्हणलं सांगा ना, सांगा, एकच शब्द! तात्यांनी गाडी वळवली. पाठीमागं बसून मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. पाठ दिसत होती, इस्त्रीच्या शर्टाची.

घाट अर्धा उतरलो आणि ते एकदम थांबले. गाडी चालू ठेवून खाली उतरले, इंजिनाजवळ कान नेला. किती तरी वेळ.

"लई सरळ चाललीय," म्हणाले. "ही आशी कवा चालतच नव्हती."

घरी आल्यावर जेवले नाहीत. त्यांच्याकडं संघाचा एक कॅन आहे, नंबर टाकलेला, त्यात ते आता टँकरचं पाणी भरून ठेवतात. झाकण उघडलं, आतली रिंग ओढून काढली. ब्लेडनं तिचा तुकडा काढून मधे गोल कापलं, खिळा तापवून बोल्टाची दोन भोकं पाडली. सुंदररावांचं चांगलं पॅकिंग काढून कोनाड्यात ठेवलं. ती रिंग बसवली. किक मारली.

आणि मला माझं लहानपण ऐकू आलं! धक धक, धकधकधक, मग दम लागल्यासारखी बसायची, फुस्स, परत धक धक. दोष होता तो, मला आता कळतंय, हवा ओढत होती गाडी. पण रोज सकाळी भिंतीपलीकडून हाच आवाज यायचा आणि आई म्हणायची, ऊठ, तात्या निघाले.

दुसऱ्या दिवशी परत वर. शर्ट कालचाच. वळणावर थांबलो नाही. शेवटच्या चढाला लागलो आणि मला दिसलं, रस्त्याच्या कडेला लुगडं. एक हात सुनेच्या खांद्यावर, एका हातात चरवी. नजर आमच्याकडं नव्हती, जरा बाजूला, बाभळीकडं. पण कान आमच्याकडं.

तात्यांनी इंजिन बंद केलं.

"लई उशीर केलास," बायडाबाई म्हणाल्या.

"आक्का, संघ बंद पडला."

"ठावं हाय. तीन वर्सं झाली. तू सांगाया आला न्हाईस."

"व्हय."

"च्यार दिस हुबी व्हते मी."

"ठावं हाय, आक्का."

मग बायडाबाईंनी चरवी पुढं केली, अंदाजानं, तात्यांच्या जरा डावीकडं. तात्या सरकून त्यांच्यासमोर आले.

"म्हस न्हाई आता. येक शेळी हाय. आवाज आला म्हनून बसले धारंला. फॅट लाव."

तात्यांनी चरवीत बघितलं. तळाला पेलाभर दूध असेल.

"साडेतीन," ते म्हणाले.

"शेळीच्या दुधाला साडेतीन? सारा जलम खोटं बोलला बे तू!"

चहा झाला. सत्यभामा म्हणाली की पाण्यामुळं पुढच्या आठवड्यात सगळे जण मेंढरं घेऊन गोदावरीकडं जाणार, आत्याला लेकीकडं ठेवणार, वस्ती बंद. तात्या "बरं" म्हणाले. कॅन आणलेला नव्हता म्हणून दूध माझ्या पाण्याच्या बाटलीत ओतलं. तात्यांनी ती बाटली हँडलला बांधली, दोन गाठी मारून.

घाटाच्या तोंडाशी त्यांनी इंजिन बंद केलं, आणि उतारावर गाडी नुसती सोडली. मी विचारलं, बंद कावून केली?

"भरल्या दुधानं उतरताना बंदच करायची आसती. न्हाईतर हादऱ्यानं घुसळतंय."

पेलाभर दूध. पूर्ण घाट आम्ही बिनआवाजाचे उतरलो, फक्त चाकाखाली खडी वाजत होती, आणि तात्यांचा एक हात सारखा त्या बाटलीवर होता.