सही आधी, शिकवणं नंतर

अमळनेर स्टेशनवर सुरतची गाडी हलली तेव्हा वडील खिडकीशेजारून चालत होते. "सायबास्नी भाषा शिकी ले, पन आपली सोडू नको," एवढंच म्हणाले. मी दोन्ही केलं. सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड रंगवणाऱ्या गिरणीने मला ट्रेनिंग ऑफिसर म्हणून घेतलं ते त्यासाठीच. मालकांशी गुजराती, खानदेशातून आलेल्या कामगारांशी अहिराणी.

कागदावर काम साधं होतं: नवा माणूस मशीनवर जाण्याआधी दोन तास सुरक्षेचं शिक्षण. प्रत्यक्षात माणसं कमी असत आणि माल थांबत नसे. म्हणून शिक्षण मिळाल्याची सही गेटवरच घ्यायची, शिकवायचं सवडीने. सवड मिळत नसे. रजिस्टर गुजरातीत होतं. आपल्या लोकांना ते वाचता येत नव्हतं. मी पुढे धरतो म्हणून ते सही करत.

भिका नाना शेजारच्या गावचे. त्यांना सुरतेला मीच बोलावलं. पेन हातात घेऊन ते म्हणाले, "भाऊ, मन्हं वावर ते लिखी लेत नही ना?"

"वावर शे तरी का तुम्हनाकडे?" मी म्हणालो. रांग हसली. नानांनी सही केली.

जेट मशीनमध्ये कापड उकळत्याहून गरम पाण्यात, दाबाखाली रंगतं. दाब शून्यावर आल्याशिवाय झाकण उघडायचं नसतं. हे वाक्य त्या दोन तासांत होतं. नानांना ते कोणीच सांगितलं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी झाकण उघडलं. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं. "ट्रेनिंग तो आपी छे ने? सही छे एनी. तमे लखी आपो, वात पूरी." ट्रेनिंग दिलं होतं असं मी लिहून दिलं असतं तर चूक नानांची ठरली असती आणि भरपाईचा विषय तिथेच संपला असता.

दवाखान्यात नानांची बायको ओरडली नाही. म्हणाली, "तुम्ही सांगं म्हनीसन त्यास्नी सही करी."

मी लिहून दिलं: प्रशिक्षण झालं नाही, सही मी घेतली, गिरणीत सगळ्यांची अशीच घेतली जाते. मॅनेजरने कागद दोनदा वाचला. "तमे पण एमना जेवा ज नीकळ्या," म्हणाला. म्हणजे मीही शेवटी त्या कामगारांसारखाच निघालो. त्या आठवड्यात माझी नोकरी गेली. नानांचा भरपाईचा अर्ज त्या कागदाच्या माझ्याकडच्या प्रतीवर उभा आहे. नानांची बोटं अजून वळत नाहीत. गेटवर माझ्या जागी दुसरा खानदेशी आला आहे. रजिस्टर तेच आहे.

गावी राहिलेल्यांना आणि माझ्यामागून इकडे आलेल्यांना हे सांगतो, कारण सुरतेत मला कोणी काही विचारत नाही. इथे मी नोकरी गेलेला एक माणूस आहे. गावात मात्र दोन्ही गोष्टी माहीत आहेत: सही मी घेतली आणि खरं मीच लिहून दिलं. दुसरीने पहिली पुसली असं तिथे कोणी मानत नाही. शेजारच्या गावी नानांच्या गल्लीत गेलो तर मला चहा मिळतो, पण कोणी शेजारी बसत नाही. माझं घर आता तेवढंच आहे.