दुसऱ्या खातेदाराची सही

आज मी परदेशात शिकतोय, तो माझ्या मावशीमुळे. एजंटमुळे नाही, आणि माझ्या मार्कांमुळे तर नाहीच नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं आठवताना माझा जीव घाबरतो, आणि घाबरलेला माणूस आभार मानायचं विसरतो.

नववीत माझी शाळा सुटली. शहापूरला हायवेवरच्या धाब्यावर आधी भांडी, मग तवा, मग भट्टी असं करत आचारी झालो. मावशीच्या मुलानं, म्हणजे दादानं, सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावून माझी दहावी-बारावी बाहेरून करवली. इंग्रजी अक्षरं त्यानंच हाताला धरून गिरवून घेतली. परदेशातल्या स्वयंपाकाच्या कोर्सची माहितीही त्यानंच आपल्या फोनवर दाखवली होती. मग मोटारसायकलच्या अपघातात तो गेला. दोन वर्षांनी मला त्या कोर्सला जागा मिळाली.

व्हिसासाठी पैसे दाखवायचे होते. नागपूरचा एजंट म्हणाला, "भाऊ, पैसा नुसता असून जमत नाही. अठ्ठावीस दिवस खात्यात बसला पाहिजे. एक दिवस जरी कमी पडला तं गिनती पुन्हा एकपासून." पुन्हा मोजायला वेळच नव्हता. महिनाअखेर कागद गेले नाहीत, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

मावशी सानगडीची. सरकारी दवाखान्यात नर्स होती, गाव अजून तिला सिस्टरच म्हणतं. तिच्या रिटायरमेंटचे पैसे बँकेत मुदत ठेवीत पडून होते. मी घरी जाऊन नुसता पाणी पीत बसलो, तर तीच म्हणाली, "पैसा तसाही बसूनच आहे बाबू. तुझ्या नावानं बसला तं काय झिजते?"

खातं तिच्या आणि दादाच्या नावावर होतं आणि बँकेचे मेसेज दादाच्या फोनवर यायचे. तो फोन बुद्धमूर्तीच्या शेजारी, दादाच्या फोटोपुढे, चार्जरला लावलेला असे. मावशी त्याचा रिचार्ज कधी चुकवत नसे. रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचा, आणि आमची गिनतीही अठ्ठावीस दिवसांची. तिनं ठेव मोडून पैसे त्या खात्यात टाकले, त्याच दिवशी रिचार्जही मारला, आणि आम्ही मोजायला लागलो. तेव्हा मला त्याची गंमत वाटली होती.

ते दिवस मी तिच्याकडेच काढले. दुपारी घर इतकं गप्प असे की मागच्या तलावावर कोणी कपडे आपटले तरी आवाज आतल्या खोलीतून आल्यासारखा वाटे. मध्येच फोन टिंग करी. मावशी तांदूळ निवडता निवडता म्हणे, "पाह्य बरं, काय म्हणते तो."

कंपनीची जाहिरात असायची. मी म्हणायचो, "काही नाही, मावशी."

"मंग ठीकच आहे म्हणते." आणि माझं तोंड पाहून, "भेते कायले रे? खाते का तो तुले?"

पंधराव्या दिवशी एजंटचा फोन आला. खात्यावर दोन नावं आहेत, तर पैसे मला वापरू देण्याच्या संमतीपत्रावर दोघांच्याही सह्या लागतील. मी सांगितलं, दुसरा खातेदार वारला. एजंटनं विचारलं,

"बँकेले माहीत आहे?"

"नाही."

"मंग मार ना तूच सही. तिकडं कोण पाहून राहिलं?"

मावशी बाजारात गेली होती. मी दादाची जुनी वही काढली. त्याच्या सहीखालची रेघ शेवटी उलटी वळून वर जायची. सराव करायचा म्हणून मी कोऱ्या कागदावर पहिलीच सही केली आणि पेन खाली ठेवला. ती माझ्या हातची वाटतच नव्हती. वळणही तेच, रेघेचा दाबही तोच. वहीतली सही शेजारी धरली, तर कुठली जुनी ते शाईवरूनच कळत होतं.

मावशी कधी आली कळलं नाही. तिनं चष्मा लावून कागद पाहिला. मग जेवलास का विचारावं तशा आवाजात म्हणाली, "आला होता का?"

कशीबशी एजंटची गोष्ट सांगितली. तिनं कागद माझ्यापुढे ठेवला.

"जित्ता होता तवा खोटी सही केली नाही त्यानं. आता मेल्यावर करवतं का त्याच्या हातून?"

तिनं पेटी उघडली. तळाशी अंथरलेल्या पेपरखालून दादाच्या मृत्यूचा दाखला काढला. दोन वर्षांत ती घडी उघडलेली दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही बँकेत गेलो. काउंटरवरची बाई ओळखीची होती. "सिस्टर, इतके दिवस सांगितलं काहून नाही?"

"तुमच्या मशिनीत तरी होता ना तो," मावशी म्हणाली. "आता काटा नाव."

आठवडाभरात नाव कटलं. मेसेजसाठी मावशीचा नंबर लागला. पैसे जिथल्या तिथे होते, एजंटही म्हणाला की आता तिची एकटीची सही चालेल. घरातला फोन मात्र एकदम गप्प झाला, जाहिरातसुद्धा येईना. मावशी तांदूळ निवडताना अधूनमधून मान वर करून त्याच्याकडे बघे.

अठ्ठावीस दिवस भरले त्या दिवशी आम्ही शिलकेचा दाखला घ्यायला गेलो. रिचार्जही संपत होता, म्हणून मावशीनं दादाचा फोन पिशवीत घेतला होता. बाईंनी दाखल्याचे पैसे खात्यातून कापले, आणि पिशवीत टिंग झालं.

मी दादाचा फोन बाहेर काढला. पैसे कापल्याचा मेसेज होता, खाली शिल्लक. बाईंनी स्क्रीन पाहिला, मग आमच्याकडे. "नंबर तं मी मागच्याच आठवड्यात बदलला." पुढे म्हणाल्या, "सिस्टमला वेळ लागतो कधी कधी." मावशीच्या स्वतःच्या फोनवर काहीच आलं नव्हतं.

मावशीनं आकडा सावकाश वाचला. "पुरते का रे एवढे?"

"पुरते. वरून उरते."

"मंग झालं तुह्यं काम," ती म्हणाली. ते मला उद्देशून होतं असं मला वाटलं नाही, कारण ती फोनकडे बघत होती. परत येताना रिचार्जचं दुकान लागलं. ती थांबली नाही.

फीचे पैसेही पुढं त्याच खात्यातून गेले. इथं कोर्ससोबत ज्या हॉटेलात काम करतो, तिथं आल्या-गेल्याची सही करावी लागते. घाईत असलो की खालची रेघ अजूनही उलटी वळून वर जाते, मग मी ती खोडून पुन्हा करतो.

मावशी, तुझ्या पासबुकावर दुसऱ्या नावाची जागा रिकामी आहे. फीचा पैसान् पैसा मी त्याच खात्यात परत भरीन, आणि भरून झाला की सानगडीला येऊन त्या जागेवर सही करीन. ती माझी असेल.