दाराला लावलेला लाखेचा गोटा

मामाचा फोन आला तेव्हा मी शाळेत पेपर तपासत होतो. ‘‘तुझी मामी गेली,’’ एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला… दीड महिना झाला. चिचगडला जाऊन आलो, तेरवी झाली, तरी अंगातला शीण जात नाही.

आमच्या गावात सातवीपुढे शाळा नव्हती, म्हणून आईने मला चिचगडला मामाकडे ठेवलं. मामाचं धान घरापुरतं व्हायचं. वरचा खर्च निघायचा तो बांधावरच्या पळसांवर किडे पोसून मिळणाऱ्या लाखेतून. गावातले सगळे लाखेने मढलेल्या फांद्याच व्यापाऱ्याला देत. भाव तो सांगेल तो. मामीला ते पटेना. ती लाख खरवडायची, कुटायची, पाण्याचा लाल रंग जाईपर्यंत धुवायची आणि सावलीत वाळवून दाणा विकायची. फांदीचा भाव व्यापारी सांगतो, दाण्याचा मी सांगीन, असं तिचं म्हणणं. दोन उन्हाळे तिने ते जमवलंही. माझी कॉलेजची खोली त्यावरच चालली.

बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेत मला कावीळ झाली. पेपर संपेपर्यंत मामी गोंदियाला माझ्याजवळ राहिली. घरून निघताना तिने मामाला बजावलं होतं, लाख पसरलेली राहू दे, रोज हलव. पण आभाळ भरून आलं आणि भिजू नये म्हणून मामाने अर्धओली लाख पोत्यांत भरून टिनाखाली ठेवली. पाऊस आलाच नाही. उन्हाने टिन तापलं आणि पोत्यापोत्यात लाख वितळून, चिकटून तिचा गोटा झाला. आम्ही परतलो तेव्हा मामीने एक पोतं फाडलं आणि मऊ गोट्यात बोटं खुपसून तो फोडू पाहिला. फुटला नाही.

‘‘बाई, ये लाख है कि पत्थर?’’ व्यापारी हसला.

‘‘पत्थर फुकट ने. लाखेचे पैसे दे.’’

त्याने फांदीपेक्षाही कमी भाव दिला. मामा मान खाली घालून उभा होता. माझे डोळे भरले, तर मामीने मलाच दटावलं, ‘‘पेपर झाले ना? मंग कायले रडून राहिला?’’

पुढच्या वर्षी तिने फांद्याच दिल्या, भाव न विचारता. मी नोकरीला लागल्यावर म्हटलं, मदतीला माणूस लावू, पुन्हा दाणा करू. ‘‘आता हात नाही चालत, बाबू,’’ म्हणाली. हात तर चालत होते, त्याच हातांनी ती दरवर्षी धानाची रोवणी करत होती…

बोटं खुपसलेला तो गोटा व्यापाऱ्याने घेतला नव्हता. मामीने तो दाराला अटकण म्हणून लावला. तेरवीच्या गर्दीत कुणीतरी तो पायाने बाजूला सारला. मामा उठला, गोटा उचलून पुन्हा दाराशी लावला, बोटांचे खळगे घराकडे करून. आणि तिथेच बसून राहिला.