जोत वळेल असा कोपरा

दर्शना हट्टी आहे असं पालीत म्हणणारे खूप, आणि ते काही खोटं बोलत नाहीत. डिप्लोमा करून पुण्याला नोकरीला लागली, तीन वर्षं राहिली आणि एके दिवशी "काम लॅपटॉपवरच करायचंय, तर ते आमच्या ओटीवर का नको?" म्हणत सामान बांधून घरी आली. त्याच पुण्याच्या कंपनीसाठी ती गेममधली जमीन बनवते. डोंगर, ओढे, वाटा, सगळं. गावाला हे समजावणं तिनं केव्हाच सोडलंय. कोणी विचारलं तर "जमिनीचं काम करते" म्हणते, मग लोक तिला सातबाऱ्याबद्दल विचारत बसतात.

या खेपेचा गेम शेतीचा होता. खेळणाऱ्यानं बैलजोडी हाकून कोकणातली भातशेती नांगरायची. उतारावर एकाखाली एक कुणगे, म्हणजे भाताचे लहान लहान तुकडे, आणि प्रत्येकाला मातीचा बांध. बांधाच्या कोपऱ्यासाठी कंपनीनं तयार पीस दिला होता, सरळ काटकोनाचा. उचलायचा आणि चिकटवायचा. दर्शनानं मुकाट्यानं चाळीस चिकटवले. पालीत जन्मलेल्या मुलीनं! नंतर तिची तिलाच लाज वाटली.

चूक पकडली कुसुमआत्यानं. आत्या म्हणजे दर्शनाच्या बाबांची थोरली बहीण, साठी उलटलेली, घरची शेती सगळी तिच्या हातात. चहा ठेवायला आली आणि स्क्रीनसमोर थबकली.

"काय गो, हा कोपरा कोणी केलान?"

"कंपनीनं दिलाय."

"कंपनीनं कधी जोत धरलंन काय? हितं बैल वळायचे कसे?"

खरंच होतं ते. पालीत एका बांधाचा कोपरा टोकदार सापडायचा नाही. नांगराला जुंपलेली जोडी, म्हणजे जोत, वळायला जागा मागते, म्हणून ओला चिखल टाचेनं दाबत दाबत बांध गोलाईत घेतात. दर्शनानं हे लहानपणापासून पाहिलेलं, तरी पीस चिकटवत बसली.

तिनं चाळीसच्या चाळीस पीस उडवले. त्या प्रोग्रॅममध्ये जमीन म्हणजे ठिपक्यांचं जाळं, एकेक ठिपका वर-खाली करून उंचवटा काढायचा. गुळगुळीत करायचा ब्रश असतो, पण जरा जोर झाला की बांधाचं सपाट घावण होतं. दर्शनानं ब्रश बारीक केला, जोर कमी केला आणि बाहेरून आत, थोडं थोडं, आत्याच्या टाचेसारखं दाबत गेली. एका कोपऱ्याला वीस मिनिटं लागत होती.

तिचा टीम लीड उन्मेष फोनवर भडकला. "तयार पीस असताना हातानं कशाला? कोपऱ्याकडे बघतंय कोण?"

"बघणार नाहीत सर, वळणार आहेत."

"शुक्रवारी चारला सगळ्या टीमला दाखवायचंय. पीस लाव, नाहीतर लेव्हल दुसऱ्याला देतो."

ही दर्शनाची पहिली अख्खी लेव्हल. आजवर ती दुसऱ्यांच्या डोंगराला झाडं लावत आली होती, गेमच्या शेवटी येणाऱ्या नावांच्या यादीत तिचं नाव कधी आलं नव्हतं. या वेळी येणार होतं. दुसरी कोणी असती तर तिनं गप्प बसून पीस लावले असते. ही म्हणाली, "द्यायची तर द्या. कोपरे मी बदलणार नाही." आणि गुरुवारी दुपारी चाळीस गोल कोपरे पाठवून मोकळी झाली.

शुक्रवारी चारला उन्मेषनं व्हिडिओ कॉलवर लेव्हल उघडली. कोपरे सगळे काटकोनी! न विचारता त्यानं तिच्या कामावर आपले पीस बसवले होते. टीम "मस्त, मस्त" करत होती. दर्शनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, बैल हाका."

"आधी रंग बघू या."

"रंग नंतर. कोपऱ्यापर्यंत जा आणि वळा."

उन्मेषनं हाकले. कोपऱ्यात एक बैल गुडघ्यापर्यंत बांधात घुसला, दुसरा आभाळाकडे तोंड करून उभा राहिला. मागे घेतले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कोणीतरी हसलं.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? दर्शनानं कॉलवर सगळ्यांना दिसेल अशी आपली लेव्हल लावली आणि ओटीच्या टोकाला कोकमं फोडत बसलेल्या आत्याला हाक मारली. आत्यानं हात पदराला पुसले, एका बोटानं बाणाचं बटण दाबलं. बैल कोपऱ्याशी गेले आणि कुठेही न अडता वळले. पुढच्या कोपऱ्यालाही वळले.

"ठीक आहे," उन्मेष म्हणाला. "तुझे कोपरे परत टाकायला सांगतो."

"कोणाला सांगू नका, मीच टाकते. तुमचा हात नको आता त्यांना. आणि यादीत नीट लिहा. जमीन, दर्शना. कोपरे, कुसुम."

"कुसुम कोण?"

"आत्ता नांगरतेय ती."

आत्या चौथ्या कुणग्यात उतरली होती आणि थांबायचं नाव घेत नव्हती.